चित्रकलेचा तास परत द्या

महोदय,

माझी नात बेळगावातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. दिवाळीपासून तिचा चित्रकलेचा तास फक्त वेळापत्रकात उरलाय. त्या वेळी गणिताचे सर येतात. दहावीच्या टक्केवारीत चित्रकला धरत नाहीत, मग कोण विचारतो? पालकसभेत मी विचारलं, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काका, चित्रं काढून पोट भरतं का?" तिथे मला उत्तर सुचलं नाही.

माझं भरलं. उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, बत्तीस वर्षं मी फाउंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न केले. पंपाचा ओतीव भाग करायचा तर आधी लाकडात तो आकार घडवायचा आणि वाळूत दाबून साचा घ्यायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. बाजू किंचित उतरत्या हव्यात, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळूची कड ढासळते. आतल्या पोकळीसाठी कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, वेगळा. आणि हे सगळं कशावरून? समोरून, वरून, बाजूने काढलेल्या तीन सपाट आकृत्यांवरून. त्यांची मिळून एक वस्तू डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे. माझ्यासोबत कामाला लागलेली, गणितात माझ्याहून हुशार पोरं नेमकी इथेच अडायची.

मला ते जमलं, कारण शाळेत सर टेबलावर तांब्या ठेवायचे आणि म्हणायचे, "माहीत आहे ते नको, दिसतंय ते काढ." तांब्याचं तोंड गोल असतं हे सगळ्यांना ठाऊक, बाकावरून मात्र ते लंबगोल दिसतं. हे एवढंसं कळायला मला सहा महिने लागले होते.

शिवाय हे गाव चित्रकार के. बी. कुलकर्णींचं. त्यांच्या हाताखाली चित्रकार रवी परांजपे घडले. त्या बेळगावात चित्रकलेला 'टाइमपास' म्हणताना ऐकलं की फार वाईट वाटतं.

आता पॅटर्नचं डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, हे मान्य. पण पडद्यावरचं चुकलंय हे ओळखायला नजर माणसाचीच लागते.

गणिताचा जादा तास शाळा सुटल्यावर घ्या, माझी तक्रार नाही. रविवारी सकाळी गल्लीतली सात-आठ मुलं माझ्या ओसरीवर तांब्या काढायला बसतात. चित्रकलेला शिक्षक नाही अशी शाळेची अडचण असेल, तर तोच तांब्या घेऊन मी वर्गात यायला तयार आहे.

– एक निवृत्त पॅटर्नमेकर, अनगोळ, बेळगाव