लेपटी अभिलेखावर नाही, पण चिखलात आहे : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : खाडीतल्या लेपटी या माशाची नोंद घेण्याबाबत (अर्ज चौथा)

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी पोस्टमनने मला दोन ओळींचं पत्र आणून दिलं. "सदर खाडीपात्रात नमूद प्रजातीचे अस्तित्व अभिलेखावर आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." खाली गिचमिड सही, वर जावक क्रमांक. त्याच दिवशी सकाळी माझ्या भावाच्या पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, सात लेपट्या आल्या होत्या. पत्र हातात पडलं तेव्हा त्या परातीत होत्या, दोन अजून तोंड उघडमीट करत होत्या.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठची. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची, त्या पैशांवर मी शिकले. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही, ते आधीच्या तीन अर्जांवर आहे आणि तिन्हींची पोच माझ्याकडे आहे.

आधी मासा सांगते. तो कधी हातात धरला असता तर असं पत्र कुणाला लिहवलं नसतं.

आमची ही लेपटी वीतभरही नसते. जिभेच्या आकाराची, चपटी, म्हणून काही जण तिला जीभच म्हणतात. वरची बाजू मातकट पिवळसर आणि तिच्यावर वेडेवाकडे तपकिरी डाग, ओल्या चिखलावर सावल्या पडाव्यात तसे. खालची बाजू पांढरी, आंधळी. पाठीचा पर, शेपूट आणि पोटाखालचा पर मिळून अंगाभोवती एकच सलग झालर होते. छातीचे पर नसतातच. तोंड वाकडं, त्यावर नाकाड आकड्यासारखं वळलेलं. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं की खवले खरखरतात. आणि दोन डोळे, मोहरीएवढे, दोन्ही एकाच बाजूला.

जन्मते तेव्हा ती अशी नसते. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू इतर माशांसारखंच उभं पोहतं, एक डोळा इकडे, एक तिकडे. मग उजवा डोळा हळूहळू कवटीवरून सरकत डाव्या बाजूला येतो आणि मासा उजव्या कुशीवर तळाला जाऊन पडतो तो कायमचा. मुलांना मी ओळख शिकवायचे ती अशी : डोळे वर ठेवा, पोट आपल्याकडे करा. तोंड डाव्या हाताला आलं तर हे लेपटीचं कूळ, उजव्या हाताला आलं तर सोल म्हणतात ते दुसरं. आठवीतली पोरं हे एका तासात शिकत.

रत्नागिरीतल्या एका जाणकारांनी भिंगाखाली बघून सांगितलं की हिचं शास्त्रीय नाव सायनोग्लॉसस पंक्टिसेप्स. नाव रिचर्डसन या शास्त्रज्ञांनी १८४६ मध्ये दिलेलं, अर्थ ठिपक्यांच्या डोक्याची. या सगळ्या वंशाचा आढावा मेनन यांनी १९७७ मध्ये छापला. मासा नवा आहे असा माझा दावा नाही आणि कधी नव्हता. भारतापासून थेट इंडोनेशियापर्यंतच्या उथळ किनाऱ्यावर ती राहते, नदीमुखात शिरते, हे छापील आहे. माझं म्हणणं एवढंच की आमच्या खाडीत ती मुखाशी थांबत नाही. नऊ किलोमीटर वर, जुन्या तरीच्या धक्क्याखाली, जिथे उन्हाळ्यातसुद्धा पाणी निमखारं असतं, तिथवर ती येते. तीन वर्षं मी वही ठेवली आहे. तारीख, तिथी, भरती की सुकती, लांबी, पाण्याचा खारेपणा. खारेपणा मोजायचं छोटं यंत्र पेन्शनमधून घेतलं. पावसाळ्यात लाल पाणी उतरलं की ती दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास खार वर चढू लागला की त्याच्यामागून येते. आणि फाल्गुन-चैत्रात त्या धक्क्याखाली नखाएवढी पिल्लं सापडतात. नखाएवढी, साहेब, पण डोळे सरकून झालेली. म्हणजे ती तिथे वाट चुकून येत नाही, तिथे वाढते. ही गोष्ट आमच्या खाडीबद्दल कुठेही लिहिलेली मला सापडली नाही, म्हणून मी ती सरकारला कळवायला गेले. हाच माझा गुन्हा.

दोन वर्षांपूर्वी तीन बरण्या भरून नेल्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी. बरण्या मांडीवर घेऊन एसटीने अडीच तास. वळणावर झाकण सैल होऊन फॉर्मलिन लुगड्यावर सांडलं, डोळे चुरचुरत होते, शेजारची बाई उठून मागे गेली. कार्यालयातल्या साहेबांनी चहा पाजला, हे मी नाकारत नाही. म्हणाले, "मॅडम, फार मोलाचं काम केलंत. नमुने तपासणीला पाठवतो, पंधरा दिवसांत आमचा माणूस जागेवर येईल." मी घरी येऊन भावाला सांगितलं, होडी तयार ठेव, सरकारी माणूस यायचाय.

पंधरा दिवस झाले, पाऊस झाला, दुसरा पाऊस झाला. या जानेवारीत मी पुन्हा गेले. साहेब बदललेले. नमुन्यांबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही. निघताना खिडकीकडे लक्ष गेलं. माझी बरणी तिथे होती. धुऊन, पाणी भरून, तिच्यात मनी प्लांट लावलेला. चिठ्ठी अर्धी निघाली होती, पण "तरीचा धक्का, सुकती" एवढं वाचता येत होतं.

मी काही बोलले नाही. जिन्यात बसले थोडा वेळ. पासष्टाव्या वर्षी सरकारी जिन्यात बसून रडणाऱ्या बाईला शिपायाने पाणी आणून दिलं, त्याचं भलं होवो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा माशासाठी एवढं काय? सांगते. धक्क्याच्या वरच्या अंगाला रात्री सक्शन पंप चालतो. सक्शनने वाळू काढायला बंदी आहे हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि पंप चालवणाऱ्यालाही माहीत आहे. आमच्याकडे पूर्वीपासून हातपाटीने वाळू निघते. माणूस बुडी मारतो, पाटी भरतो, वर येतो. त्याच्या दमाला मर्यादा असते. पंपाला दम लागत नाही. तो तळ ओढतो आणि तळाबरोबर तळावरचं सगळं : शिंपल्या, किडे आणि तीच नखाएवढी लेपटी. तिचा स्वभावच धोका आला की पळायचं नाही, चिखल अंगावर घेऊन निपचित पडायचं. लाखो वर्षं त्या युक्तीने ती वाचली. पंपापुढे त्या युक्तीचा काय उपयोग?

भावाने आणि आणखी अकरा जणांनी तक्रार केली. महसूलवाले म्हणाले, मासळीचं नुकसान होतंय असा मत्स्यव्यवसायचा दाखला आणा. मत्स्यव्यवसायवाले म्हणाले, त्या भागात मासळीची नोंदच नाही, दाखला कसा देणार? नोंद करा म्हणून मी गेले, तर म्हणे अभिलेखावर नाही म्हणून नोंद होत नाही! हा घाण्याचा फेरा कुणी आखला ते मला एकदा सांगा. २०२३ च्या वाळू धोरणात सहाशे रुपये ब्रास (शंभर घनफूट) हा भाव सरकारला ठरवता आला. वाळूचा हिशेब ब्रासात होतो, घनमीटरात होतो. त्या वाळूत राहणाऱ्या जिवाचा हिशेब ठेवायला एक ओळ मिळत नाही.

बरं, नोंद ठेवायची जागा नाही असंही नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली गावोगाव समिती आणि समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची. वर्षानुवर्षं झालं काही नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, ती चुकली तर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला, तेव्हा धावाधाव झाली. आमच्या गावची वही मी ग्रामपंचायतीत बसून वाचली. माशांच्या पानावर कटला, रोहू, मृगळ. खाऱ्या खाडीच्या गावात तळ्यातले मासे! कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्याचं पान उतरवलेलं. ज्या म्हाताऱ्या भोयाला या खाडीतला प्रत्येक मासा भरतीच्या घटकेसकट सांगता यायचा, त्याला कुणी विचारलं नाही. गेल्या वर्षी तो गेला. त्याच्याबरोबर काय काय गेलं त्याचा अभिलेख कोणत्या कपाटात आहे?

पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा केलंत, चांगलं केलंत. २०२५ मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा दिलात, त्या दिवशी आमच्या आळीत पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. पण शेतीचा दर्जा म्हणजे सातबारा लागतो, पीकपाहणी लागते. आमच्या खाडीची पीकपाहणी करायला कोण आलं? बंदरावर उतरते ती मासळी तुम्ही मोजता. पाटीतून थेट घरोघर जाते ती मोजत नाही. माझ्या आईने चाळीस वर्षं विकलेली मासळी या राज्याच्या एकाही आकड्यात नाही. तिचे गुडघे गेले, डोक्यावरचे केस चुंबळीखाली झिजून टक्कल पडलं, आणि आकड्यात ती शून्य.

केरळात लेपटीची एक जात आहे, मांतळ म्हणतात तिला. पावसाळा सरता सरता तिचे थवे किनाऱ्याला लागतात आणि लोक तिच्यावर जगतात. १९५० च्या दशकातच शास्त्रज्ञांनी तिचं खाणं, वाढ, अंडी यांचा अभ्यास छापला. बरीच वर्षं तिला एका नावाने ओळखलं, पुढे ध्यानात आलं की ती दुसरीच जात, नॉर्मन यांनी १९२८ मध्ये नाव दिलेली. चूक झाली, पण बघत होते, मोजत होते, म्हणून चूक सापडली तरी. आमच्याकडे चूक व्हायलासुद्धा कुणी जागेवर येत नाही. माझी ओळख चुकली असेल तर चुकली म्हणा! लेखी म्हणा, नमुना बघून म्हणा. मी शिक्षिका आहे, लाल शाईला घाबरत नाही.

भावाचं सांगायचं नव्हतं, पण सांगते. पूर्वी दिवाळीनंतर एका सुकतीला दोन घरांचं कालवण निघायचं. लेपटीचं कातडं डोक्याकडून चिमटीत धरून सर्रकन ओढायचं, मीठ-हळद-मिरची लावायची, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकायची. काट्यासकट कुरकुरीत. तापातून उठलेल्या माणसाला आई हीच द्यायची. आता सात मिळाल्या तर भाऊ मला दाखवायला आणतो. त्याचा मुलगा वसईला एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन आहे. त्याला पाग टाकता येतो, होडी वल्हवता येते, अंधारात पाण्याच्या वासावरून भरती कळते. यातलं काहीही तिथे उपयोगाचं नाही.

माझं मागणं फार नाही. धक्क्यापासून खालच्या वळणापर्यंतचा तळ एकदा तुमच्या माणसाने येऊन बघावा. लेपटीची तिथली नोंद व्हावी, किंवा का होऊ शकत नाही ते कारण नमुन्यासह कळवावं. आणि तोवर त्या टापूत पंप बंद राहावा. मासळीचा दाखला मागणाऱ्या खात्याला तुमच्या खात्याने एक पत्र लिहावं, बस.

येत्या अमावास्येला मोठी सुकती आहे, दिवस मावळताना लागेल. माणूस पाठवलात तर दुपारच्या एसटीने पाठवा. बूट चालणार नाहीत, चिखलात रुततात. अनवाणी उतरावं लागेल. पाय न उचलता सरकवत चालायचं, म्हणजे तळव्याखाली काहीतरी गुळगुळीत निसटतं. बॅटरी, परात आणि वही माझ्याकडे आहे. बरणी मात्र त्याने आणावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(पूर्ण नाव-पत्ता आधीच्या तिन्ही अर्जांवर आहे)