भिंतीलगतची रांग, जाड पट्टा आणि मांडीवरचं बाळ

महोदय,

तान्ह्या बाळाला घेऊन विमानाने निघालेले पालक बहुधा भिंतीलगतची पहिली रांग मागून घेतात. तिथे पाय मोकळे राहतात, आणि लांब पल्ल्याच्या विमानांत बाळाचा पाळणाही त्याच भिंतीवर लागतो. मात्र अनेक विमानांत नेमक्या याच रांगेच्या सीटबेल्टमध्ये एअरबॅग असते, आणि आसन निवडताना दिसणाऱ्या नकाशावर त्याची साधी खूणही नसते.

ही एअरबॅग तिथे का, ते आधी पाहू. प्रवासी विमानांच्या आधुनिक आसनांची पुढच्या दिशेची धडक-चाचणी १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट, इतक्या झटक्याने होते. ताशी सुमारे ४८ किलोमीटरचा वेग निमिषात शून्यावर आणण्यासारखा हा प्रकार. विमानातला पट्टा फक्त कमरेला असल्यामुळे वरचं अंग पुढे दुमडतं. मधल्या रांगांत डोकं समोरच्या आसनाच्या पाठीवर आपटतं आणि ती पाठ थोडी झुकते. भिंत झुकत नाही. डोक्याच्या दुखापतीचा निर्देशांक १००० च्या आत राहिला पाहिजे असा नियम आहे. आसन भिंतीपासून पुरेसं लांब ठेवायचं तर जागा वाया जाते, म्हणून पट्ट्यातच पिशवी घालण्याचा मार्ग निघाला. बिझनेस क्लासमधल्या तिरप्या आसनांतही ती याच कारणाने असते.

तिची रचना मोटारीतल्या एअरबॅगपेक्षा वेगळी आहे. आसनाखाली दाबाने भरलेल्या वायूची लहान नळकांडी असते आणि तिथून एक नळी पट्ट्यापर्यंत येते. बकल लावल्यावरच यंत्रणा जागी होते. धडकेचा झटका ओळखला गेला की पिशवी प्रवाशाच्या अंगापासून दूर, पुढे आणि वर उलगडते, आणि बाहेर पडताना अडथळा होऊ नये म्हणून काही सेकंदांतच बसते. हवेतल्या हादऱ्यांनी किंवा जोरात टेकलेल्या चाकांनी ती उघडू नये, अशीच तिची जुळणी असते. तेव्हा घाबरून पट्टा सोडून बसण्याचं काही कारण नाही.

पट्टा ओळखणं सोपं आहे. एका बाजूचा भाग उशीसारखा जाड, शिवलेला आणि हाताला जड लागतो, आणि त्यावर एअरबॅग लिहिलेली चिठ्ठी असते. पिशवीची बाजू अंगाच्या बाहेर राहिली पाहिजे, पट्ट्याला पीळ नको. पांघरूण पट्ट्याच्या आत घ्यावं, वरून नको. पट्टा अपुरा पडला तर साधा जोडपट्टा चालत नाही, याच पट्ट्यासाठी बनवलेला मागावा लागतो.

खरी अडचण येते ती मुलांच्या कार सीटची, म्हणजे मोटारीत लहान मुलाला बांधून बसवायच्या वेगळ्या खुर्चीची. कार सीट विमानात कमरेच्या पट्ट्यानेच बांधतात. हा जाड भाग तिच्या पट्ट्याच्या खाचेतून नीट जात नाही. ओढूनताणून घातलाच, तर पिशवी फुगायची जागा कार सीटच्या आत किंवा तिच्या आड येते. त्यामुळे एअरबॅगच्या आसनावर बऱ्याच विमान कंपन्या कार सीट लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. हे दारात कळलं तर ऐनवेळी आसन बदलाबदली होते, आणि बहुतेकदा कार सीट सामानात जाऊन मूल मांडीवर येतं. म्हणजे पैसे मोजून घेतलेली सुरक्षितता हातची गेली. अमेरिकी नियामकाच्या अटींनुसार हा पट्टा दोन वर्षांच्या मुलापासून धिप्पाड पुरुषापर्यंत सगळ्यांना उपयोगी ठरायला हवा, आणि मांडीवरचं बाळ, कार सीटमधलं मूल व गर्भवती यांचाही विचार करावा लागतो. पण या अटी पट्टा बनवणाऱ्यांसाठी आहेत. तुमच्या विमानात तुमची कार सीट चालेल का, हे कंपनीच सांगू शकते. ते लेखी विचारून घ्यावं.

आता मांडीबद्दल. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेऊन प्रवास करण्याची मुभा बहुतेक देशांत आहे, पण ती सोय आहे, संरक्षण नव्हे. १० किलोचं बाळ ९ जी झटक्यात ९० किलोचं होतं. कितीही मायेने धरलं तरी ते हातात राहत नाही. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या लंडन-सिंगापूर विमानात हवेतल्या हादऱ्यांमुळे उभा झटका ०.६ सेकंदात अधिक १.३५ 'जी' वरून उणे १.५ 'जी' वर, म्हणजे उलट दिशेला, गेला. त्या क्षणी १० किलोचं मूल १५ किलोच्या ओढीने छताकडे जाऊ पाहतं. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतल्या सू सिटीला कोसळलेल्या विमानात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना खाली जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं गेलं. त्यांतलं एक दगावलं.

बाळासाठी आईबापांच्या पट्ट्याला जोडायचा छोटा फासपट्टा युरोपात आवश्यक मानतात; अमेरिकेत तो उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी वापरू देत नाहीत. हादऱ्यात तो बाळाला उडू देत नाही, हे खरं. धडकेत मोठ्या माणसाचं दुमडणारं शरीर बाळावर येतं, हेही तितकंच खरं. एकच पट्टा दोघांभोवती घेणं मात्र सगळ्यांत वाईट. पाळण्यातलं बाळ पट्ट्याचा दिवा लागताच उचलून घ्यावं.

परवडत असेल तर मुलासाठी वेगळं आसन घ्यावं, एअरबॅग नसलेल्या रांगेत आणि खिडकीशी, म्हणजे कार सीट कोणाच्या वाटेत येत नाही. संकटकालीन दाराच्या रांगेत आणि तिच्या लगतच्या रांगांत ती लावू देत नाहीत. तिची रुंदी ४० सेंटिमीटरच्या आत असावी आणि विमानात वापरण्यास प्रमाणित असल्याचं तिच्यावर छापलेलं असावं. अमेरिकी सीटवर ते लाल अक्षरांत असतं. नुसत्या उंचवट्याच्या बूस्टरला उड्डाण आणि उतरताना परवानगी मिळत नाही. मूल १० ते २० किलो वजनाचं आणि एक मीटरपर्यंत उंच असेल, तर आसनाच्या पाठीभोवती लावायचा केअर्स नावाचा खांदापट्टा हा हलका पर्याय आहे.

ऑक्सिजन मास्कचंही ध्यानात असू द्या. मांडीवरच्या बाळासाठी आसनांपेक्षा एक जादा मास्क लागतो आणि तो आसनांच्या प्रत्येक गटात असतोच असं नाही. कर्मचारी बाळ असलेल्या पालकांना दुसरीकडे बसवतात, तेव्हा हुज्जत घालू नये.

विमान कंपन्यांकडे मागणी एवढीच, की आसननिवडीच्या नकाशावर एअरबॅगच्या आसनाला खूण करावी, आणि मुलाचं तिकीट काढतानाच कार सीट कोणत्या रांगेत चालेल ते दाखवावं. ही माहिती कंपन्यांकडे असतेच. कोणत्या आसनाला कोणता पट्टा आहे, याची नोंद त्यांच्या देखभाल विभागाला ठेवावीच लागते.

– विमान सुरक्षा विषयाचे अभ्यासक