सेरेंगेटी दाखवणाऱ्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई, हे खरंतर मेलवर पाठवणार होते पण मग वाटलं सगळ्यांनीच वाचावं, कारण आपल्याकडून टांझानियाला सफारीला जाणाऱ्यांची संख्या वाढतेय आणि प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटतं असं नाही. अरुशा शहरातली तुमची कामं बाजूला ठेवून तुम्ही आमच्याबरोबर आलात, फक्त ओळखीच्या ओळखीवर, हे मी कधीच विसरणार नाही.

सेरेंगेटी नॅशनल पार्कच्या मधोमध असलेल्या सेरोनेराजवळ त्या दुपारी रेडिओवर चित्त्याची बातमी आली आणि बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या, तेव्हा तुम्ही ड्रायव्हरदादांना स्वाहिलीत काहीतरी सांगितलंत आणि आपली गाडी जागची हलली नाही. समोर ग्रॅनाइटच्या खडकांच्या सावलीत नुसते झोपलेले सिंह. सिंह दिवसातले 18-20 तास पडूनच असतात, त्यामुळे जो पाच मिनिटांत फोटो काढून जातो त्याला फक्त झोप दिसते, असं तुम्ही म्हणालात, आणि मग हळू आवाजात एकेक गोष्ट दाखवत गेलात.

एक छावा उठला, स्वतःच्या आईला ओलांडून दुसऱ्या सिंहिणीला जाऊन बिलगला आणि दूध प्यायला लागला, तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत! तुम्ही सांगितलंत की कळपातल्या सिंहिणी एकमेकींच्या बहिणी, मावश्या, आया असतात, बऱ्याचदा मागेपुढेच वितात आणि पिल्लं एकत्र वाढवतात. अगदी आपल्या जुन्या वाड्यातल्या बाळंतिणींसारखं वाटलं मला ते. पण यामागचं कारणही तुम्ही लपवलं नाहीत. बाहेरचे नर येऊन कळप ताब्यात घेतात तेव्हा लहान पिल्लांना मारून टाकतात, म्हणजे सिंहिणी लवकर पुन्हा माजावर येतात, आणि एकटीपेक्षा चौघी मिळून पिल्लं वाचवायची शक्यता जास्त असते. माझ्या मुलीला ऐकून रडू आलं तर तुम्ही तिची समजूत घातलीत पण गोष्ट बदलून सांगितली नाहीत, हे मला फार आवडलं.

मिशांच्या ठिपक्यांबद्दल तर कितीही थँक्यू म्हटलं तरी कमीच आहे. मिशांच्या ओळींच्या वर जे थोडेसे काळे ठिपके असतात त्यांची जागा प्रत्येक सिंहाची वेगळी, डावा गाल वेगळा, उजवा वेगळा, आणि ती जन्मभर बदलत नाही. तुमच्या वहीतली ती चित्रं बघून आम्ही दोघी दुर्बिणीतून गाल शोधत बसलो. 1966 मध्ये जॉर्ज शॅलर यांनी सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास सुरू केला, पुढे क्रेग पॅकर आणि ॲन प्युसी यांनी तो कितीतरी वर्षं चालवला, पिढ्यान्पिढ्या एकेक सिंह ओळखून. म्हणूनच 1994 मध्ये कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचा व्हायरस सिंहांमध्ये पसरला तेव्हा जवळपास एक तृतीयांश सिंह गेले हे नेमकं कळलं. ओळखीचा असेल तरच तो गेला हे समजतं ना.

आणि मग उन्हं उतरल्यावर ती कान फाटलेली सिंहीण उठली, पुढचे पाय ताणले, जांभई दिली, की लगेच दुसरीने जांभई दिली, मग तिसरीने. उठून एकमेकींच्या डोक्याला डोकं घासलं, अंग घासलं, आणि एका रांगेत गवतात चालू लागल्या. आपल्याला अंधाराच्या आत कॅम्पवर परतायचं होतं म्हणून शिकार झाली की नाही ते दिसलं नाही, मला त्याची जरासुद्धा हळहळ नाही.

रात्री तंबूत गर्जना ऐकू आली तेव्हा मुलगी घाबरण्याऐवजी विचारत होती, आई एक आहे की दोन? कारण जेवताना तुम्ही तिला सांगितलं होतं की संशोधकांनी स्पीकरवर अनोळखी सिंहिणींच्या गर्जना वाजवून बघितल्या, एकीचा आवाज असला तर कळप पुढे जायचा आणि तिघींचा असला तर बिचकायचा, म्हणजे समोर किती जणी आहेत याचा अंदाज त्या आवाजावरून घेतात. इतकं सुंदर कोणी तिला शाळेत शिकवलं नव्हतं.

ताई, फाटक्या कानवालीच्या दोन्ही गालांचे फोटो मेल केलेत, उजवा जरा हललाय पण वरच्या ओळीतले ठिपके दिसतायत. तुमच्या वहीत ती सापडली तर नक्की कळवा, मुलगी रोज विचारते.