गाडी कुठं राबली, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर जुन्या मालवाहू गाड्यांच्या जाहिराती असतात. ‘सहाचाकी, २०१६ मॉडेल, टायर ८० टक्के, पासिंग व विमा चालू, कंडिशन एक नंबर.’ बावीस वर्षं मी डाळिंब, कांदा आणि पशुखाद्य वाहतो आहे, आणि हे पान मी नेमानं वाचतो. मॉडेल, टायर, कागदपत्रं, सगळं त्यात असतं. ही गाडी आजवर कुठल्या मुलखात राबली, हे मात्र एकाही जाहिरातीत नसतं. माझं साडेआठ लाखांचं नुकसान नेमकं त्या न छापलेल्या ओळीत होतं, म्हणून हे पत्र.

२०२२ च्या दिवाळीत मी २०१५ मॉडेलची सहाचाकी घेतली. नंबर घाटावरचा. केबिनला ताजा रंग, फाळक्यांवर नवी नक्षी, खाली चासीला, म्हणजे सगळा भार पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, काळा कुळकुळीत रंग मारलेला. इंजिनचा आवाज स्वच्छ. सहा लाखांचं कर्ज काढायचं होतं, म्हणून गाडीची किंमत ठरवायला एक माणूस आला. चासी नंबरची छाप घ्यायची तर नंबर स्पष्ट हवा. त्यानं खिशातून पॉलिश पेपर काढला, पुढच्या चाकामागची काळ्या रंगाखालची तांबेरी घासली, नंबर वर आला, त्यावर चिकटपट्टी लावून पेन्सिल फिरवली. बोटं लालभडक झाली होती, ती त्यानं माझ्याच फडक्याला पुसली. अहवालात लिहिलं, ‘चासी : चांगली.’ मी शेजारी उभा होतो. त्याच्या बोटांचा रंग मीही पाहिला होता. त्या वेळी मला काही विचारायला सुचलं नाही, याचं दुःख आजही आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात आठ टन कांदा घेऊन चिपळूणला निघालो. गाडी पुतण्या चालवत होता. कोयनानगर-हेळवाकच्या आसपास मागून कडाड असा आवाज आला आणि गाडी डाव्या अंगाला बसली. पाट्याला (चाकावरच्या पोलादी स्प्रिंगला) धरून ठेवणारा मागचा हँगर जिथं चासीला रिव्हेट केलेला असतो, तिथला पत्राच फाटला होता. रिव्हेट जागच्या जागी, आणि त्यांच्याभोवतीचं लोखंड गेलेलं. तिथून थोड्या अंतरावर कुंभार्ली घाटाचा उतार सुरू होतो. पुतण्याचं वय तेव्हा चोवीस होतं. त्या रात्री भर पावसात दुसऱ्या गाडीत कांदा भरताना मी हाच हिशेब करत होतो, की हे उतारावर झालं असतं तर वहिनीला काय सांगितलं असतं.

गाडी ओढून कराडला आणली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी साधा स्क्रूड्रायव्हर घेतला, क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीवर, टेकवला आणि तळहातानं दाबला. मुठीपर्यंत आत गेला. खारी बिस्किटाचे सुटतात तसे लोखंडाचे पापुद्रे त्यांच्या पायावर पडले. “दादा, ही गाडी समुद्रावरची हाय,” ते म्हणाले. बॅटरीच्या पेटीखाली, कोपऱ्यात, त्यांनी टॉर्च मारून मला दाखवलं. वाळलेले, नखाएवढे माशांचे खवले चिकटलेले होते. पुढं जुनी कागदपत्रं धुंडाळली तेव्हा कळलं, पहिल्या मालकाकडं ही गाडी पाच वर्षं किनाऱ्यावरच्या एका बंदरातून बर्फातली मासळी ओढत होती. घाटावरचा नंबर हा फक्त नोंदणीचा. गाडी घाटावर आली ती विकायलाच.

सांगोल्यात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ३००० च्या वर. आमच्याकडं उघड्यावर पडलेला नांगराचा फाळही वर्षानुवर्षं तग धरतो. त्यामुळं आमच्या डोळ्याला गंज ओळखायची सवय नाही, आणि विकणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. पण पावसापेक्षा घातक मीठ. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि पाऊस नसतानाही पत्रा ओला ठेवतं. पावसानं केबिनचं टप धुऊन निघतं, गाडीचं पोट धुतलं जात नाही, म्हणून चासीच्या आतल्या बाजूला मीठ साचत राहतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन पत्रे जिथं एकावर एक बसवलेत तिथं तो त्यांना फुगवून फाकवतो. हौदा आणि चासीच्या मधे जे लाकडी पॅकिंग असतं ते ओल धरतं, आणि त्याच्याखालचं लोखंड वरून कुणाला दिसतही नाही.

कोकणातल्या मालकांवर माझा रोख नाही, हे स्पष्ट सांगतो. संगमेश्वरचे एक व्यवसायबंधू आहेत, त्यांची गाडी बारा वर्षांची आहे आणि चासी माझ्या आताच्या गाडीइतकी धड आहे. मासळीची खेप कधी घेतलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं खालून धुतात, पावसाळ्याआधी रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारतात, हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडतात. “तुम्ही लोक गाडीचं तोंड धुता, पोट कोण धुणार?” असं ते मला म्हणाले होते. त्यातही संगमेश्वर, लांजा या आतल्या भागातली गाडी वेगळी आणि रोज बंदरावर उभी राहणारी वेगळी. दोन्हींना ‘कोकणातली’ म्हणून एकाच मापानं मोजणं अन्याय होईल.

आणि कोरड्या मुलखातली गाडी म्हणजे डोळे झाकून घ्यावी असंही नाही. मिठाची, रासायनिक खताची किंवा कारखान्याच्या मळीची वाहतूक करणारी गाडी मंगळवेढ्याची असली तरी गंजते. म्युरेट ऑफ पोटॅश हे खतसुद्धा शेवटी क्लोराइडच, फुटलेल्या पोत्यातून ते फळ्यांच्या फटीत जाऊन बसतं. ऊस ओढलेल्या गाडीची चासी गंजलेली नसेल, पण जादा मालानं वाकलेली असू शकते. पुरात बुडालेल्या गाड्यांचं तर वेगळंच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी चढलं, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून पाहिला तर गाळाची रेघ दिसते.

ती फुटलेली गाडी मी चालती म्हणून कुणाच्या गळ्यात मारली नाही. मिस्त्री म्हणाले होते, “वेल्डिंग मारून देतो, पण माल भरायचा न्हाय.” इंजिन, गिअरबॉक्स, टायर सुटे विकले, सांगाडा भंगारात दिला आणि आरसी रद्द करून घेतली. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

दुसरी गाडी घेताना मी त्याच मिस्त्रींना सोबत नेलं, दिवसाची मजुरी देऊन. जत तालुक्यातली गाडी, मॉडेल २०१४, म्हणजे पहिलीपेक्षा वर्षानं जुनी आणि रंग उडालेली. ते थेट खाली शिरले. हातोडीनं चासीच्या दोन्ही बाजू पुढून मागं ठोकत गेले. धड लोखंड खणखणतं, गंजलेलं भद्द वाजतं. केबिनच्या पायदानावर आणि दाराच्या खालच्या कडेला चुंबक फिरवलं, कारण पुट्टी भरलेल्या जागी ते चिकटत नाही. ब्रेकच्या पायपांच्या क्लिपा, डिझेल टाकीचे पट्टे, हवेच्या टाकीचं बूड, हँगरचे रिव्हेट, सगळीकडं बोट फिरवलं. वरवरची तांबूस झाक असेल तर त्याला ते गंज म्हणत नाहीत. नखानं खरवडल्यावर पापुद्रा सुटला तर गंज. चासीला नवा काळा रंग दिसला की तिथं आधी खरवडायचं, हा त्यांचा नेम.

मी कागदांकडं लागलो. फास्टॅगचा जुना हिशेब मागितला, त्यात टोलनाक्यांची नावं येतात. पीयूसीच्या जुन्या पावत्यांवर केंद्राचा पत्ता असतो. बिल्टीबुकात, म्हणजे माल नेल्याच्या पावत्यांच्या पुस्तकात, माल काय होता ते कळतं. त्या मालकानं तिन्ही गोष्टी लगेच पुढ्यात ठेवल्या, बेदाणा आणि पशुखाद्याशिवाय दुसरा माल नव्हता. दोन वर्षं झाली, पाट्यांपलीकडं कशावर खर्च नाही.

आता माझं मागणं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे रस्त्यावर चालायला योग्य असल्याची तपासणी, होतो. माझी पहिली गाडी फुटायच्या चार महिने आधी अशाच एका तपासणीतून पास झाली होती. ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टर पाहिले, खाली कुणी वाकलं नाही. परिवहन खात्यानं चासी हातोडीनं ठोकून पाहण्याची आणि गंजाची नोंद प्रमाणपत्रावर लिहिण्याची सक्ती करावी. त्याला यंत्र लागत नाही. कर्ज देणाऱ्यांनीही किंमत ठरवणाऱ्याकडून चासीच्या खालच्या बाजूचे फोटो घ्यावेत. आज फोटो बहुतेक चारी बाजूंचे आणि मीटरचेच असतात.

आणि संपादक महोदय, आपल्या हातातलं एक काम आहे. जाहिरात घेताना आपला प्रतिनिधी मॉडेल आणि पासिंग विचारतो, तसंच ‘गाडी कुठल्या तालुक्यात राबली आणि माल काय वाहिला’ हेही विचारावं आणि छापावं. एका ओळीचं काम आहे, आणि त्या ओळीचे पैसे जाहिरातदाराकडून घेऊ नयेत. माझी जतची गाडी उद्या विकायची वेळ आली तर ती ओळ मी स्वतः लिहून पाठवीन: बेदाणा, पशुखाद्य, डाळिंब, जत व सांगोला, समुद्रकाठची खेप नाही, ठोकून पाहून घ्यावी.

आपला,
एक शेतकरी-मालवाहतूकदार, ता. सांगोला, जि. सोलापूर