जपानी बाग म्हणजे लाल पूल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याला गेलेले बडोदेकर सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हमखास बघून येतात. आठवण मात्र पुलाची आणि माशांचीच सांगतात. हे उद्यान ज्या धर्तीवर केले, ती जपानमधल्या ओकायामाची कोराकुएन बाग १७०० मध्ये पूर्ण झाली. अशा बागेत आधी पायाखाली बघावे. पाउलवाटेचे दगड उंचसखल आणि चार-चार बोटांच्या अंतराने बसवलेले असले की नजर आपोआप खाली राहते. मग एक मोठा सपाट दगड येतो, पाय थांबतो, मान वर होते आणि नेमके तिथेच तळे दिसते. आपण कुठे थांबायचे हे माळ्याने आधीच ठरवलेले असते! क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरात सुमारे २५ बाय १० मीटर खडीत १५ दगड आहेत. ओसरीवर कुठेही बसा, एखादा तरी दडलेलाच राहतो. तिथे उभ्याउभ्या फोटो काढून निघणाऱ्याला हे कळायचे नाही.

हे लिहायचे कारण, हल्ली आपल्याकडे बंगल्यांत आणि सोसायट्यांत ‘जपानी कोपरा’ करायची हौस वाढली आहे. सिमेंटचा दिवा, बुद्धाचे मस्तक आणि पांढरी संगमरवरी चिप्स, की झाला कोपरा. मे महिन्यात त्या चिप्सकडे बघवत नाही. गोल गोटेही नकोत, ते घरंगळतात आणि जपानी बागेत खडीवर दाताळ्याने ओढतात त्या रेघा टिकत नाहीत. तीन ते सहा मिलिमीटरची, कंगोरे असलेली करडी ग्रॅनाइटची कच दोन इंच जाड पसरावी. वर कडुनिंब नसावा. फाल्गुन-चैत्रात त्याची बारीक पाने कचेत अशी शिरतात की दाताळे हात टेकते.

खरा खर्च जमिनीखाली आहे. दगड नुसता ठेवला तर ट्रकमधून पडल्यासारखा दिसतो. त्याचा साधारण तिसरा हिस्सा पुरावा आणि सर्वांत रुंद भाग मातीखाली जाऊ द्यावा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन-तीन वर्षांत दगड कलतो. म्हणून दीड-दोन फूट माती काढून मुरूम थराथराने धुमसून भरावा, पाण्याला उतार द्यावा. शेवाळाचा नाद सोडावा, ४२ अंशांत ते जगत नाही. पाइनऐवजी कुंती चालते. पण कात्रीने तिचे गोळे करू नयेत. आतल्या फांद्या विरळ कराव्यात, पानांतून आकाश दिसले पाहिजे. कोराकुएनमध्ये मागचा किल्लाही बागेच्या चित्रात धरला आहे. आपल्याकडे मागे पाण्याची टाकी आणि होर्डिंग असते, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात बांबूची आडोशी रांग लावावी.

महापालिकेने कधी अशी बाग करायचे ठरवले, तर निविदेत निदान पाच वर्षांच्या छाटणीचे काम आणि त्यासाठी शिकवलेल्या दोन माळ्यांचा पगार धरावा. तो धरायचा नसेल तर तेच पैसे कमाटीबागेतल्या जुन्या झाडांवर खर्च व्हावेत.

— एक उद्यानरचनाकार, दांडिया बाजार, बडोदे