मामा, मार्क प्राइसचं काय करायचं?

हार्टफर्ड, कनेक्टिकट
१४ डिसेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

सावजी मसाला पोचला. पाकीट फुटलं नव्हतं, तरी दोन दिवस घरभर वास. शेजारीण विचारून गेली.

आता मूळ मुद्दा. मार्क प्राइसला बास्केटबॉलच्या मानकऱ्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यावं की नाही, हे आपलं दिवाळीच्या फोनवरचं भांडण अर्धवट राहिलं. तुम्ही म्हणालात, "ज्याच्या बोटात विजेतेपदाची अंगठी नाही, त्याले हॉल ऑफ फेममध्ये काहून न्यायचं?" तेवढ्यात मामींनी फोन ओढून घेतला. म्हणून लिहायला बसले आहे.

मागच्या रविवारी स्प्रिंगफील्डला जाऊन आले. इथून गाडीने पाऊण तासही लागत नाही. १८९१च्या डिसेंबरात नेस्मिथ मास्तरांनी पीचच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला ते हेच गाव. हॉल ऑफ फेम म्हणजे महामार्गाला लागून एक भलामोठा गोल घुमट. आत वरच्या कडेला मानकऱ्यांचे चेहरे लावलेत आणि खाली कोर्ट आहे, कोणीही जाऊन चेंडू टाकावा. मार्क प्राइस तिथे नाही हे मला ठाऊक होतं. तरी मान दुखेपर्यंत वर बघत फिरले.

प्राइसचं हे वेड मला ऑफिसातून लागलं. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ क्लीव्हलंडचे, म्हणजे प्राइस ज्या संघाकडून खेळला त्याच गावचे, निवृत्तीला आलेले. प्राइसचं नाव काढलं की चहा थंड होतो. सहा फुटांचा माणूस, १९८६ला एनबीए लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले त्यात पंचविसावा. १९८८-८९च्या हंगामात मैदानी नेम ५० टक्क्यांवर, तीन गुणांचा ४० वर आणि फ्री थ्रो ९० वर, तिन्ही एकदम. पण आकडे सोडा. स्क्रीन लागली, म्हणजे सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवली, की दोन बचावपटू एकदम अंगावर येतात, तेव्हा बाकीचे गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे, मागे सरायचे. हा त्या दोघांच्या मधल्या फटीतून ड्रिबल करत निसटायचा. आज हे कोणीही करतं, म्हणून त्याचं कौतुक वाटत नाही. धरमपेठेच्या मैदानावर तुम्ही मला ओरडायचात ते आठवतं? "पोरी, माणसं बघू नको, मधली जागा बघ." जुन्या चित्रफितीत मी प्राइसला पाहिलं तेव्हा तुमचाच आवाज ऐकू आला.

१९९०-९१मध्ये त्याचा गुडघा गेला, हंगामात जेमतेम १६ सामने. त्या काळी गार्डचा गुडघा गेला म्हणजे खेळ संपला असंच धरत. हा परत आला आणि १९९३मध्ये लीगच्या पहिल्या पाचांत, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात, निवडला गेला. दुसरा गार्ड कोण? मायकल जॉर्डन.

आणि अंगठीचं म्हणाल तर वाटेत तोच जॉर्डन उभा होता ना! १९८८, ८९, ९२, ९३, ९४, क्लीव्हलंडला दर वेळी शिकागोनेच घरी पाठवलं. शेवटच्या वर्षी तर जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला होता, तरीही. (हे मी ऑफिसात बोलत नाही.)

केव्हिन जॉन्सन या दुसऱ्या गार्डचीही तीच गत. त्याला १९८७मध्ये निवडलं होतं क्लीव्हलंडनेच, पण प्राइस असताना हा कशाला म्हणून काही महिन्यांत फीनिक्सला देऊन टाकलं. तिथे सलग तीन हंगाम सरासरी वीसच्या वर गुण आणि दहाच्या वर असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकारी गुण करतो ते पास. १९९३च्या अंतिम मालिकेत तिसरा सामना तीनदा जादा वेळेत गेला आणि तो ६२ मिनिटं कोर्टवर होता. ती मालिका तुम्ही पहाटे उठून केबलवर बघायचात, आजीची झोपमोड करून. मालिका जिंकली शिकागोने. तोही अजून बाहेरच.

तुमचा अंगठीचा नियम तसाही टिकत नाही. आयव्हर्सन, नॅश, टिम हार्डवे आत आहेत, एकाकडेही नाही. आणि सिडनी मॉन्क्रीफ? सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिली दोन वर्षं त्यालाच मिळाला. गुडघ्यांनी त्याचीही वाट लावली. १९९१ला थांबला, आत घेतला २०१९मध्ये. मॉन्क्रीफला चालतं ते प्राइसला का नाही, एवढंच मला सांगा. पेनी हार्डवेबद्दल मात्र माझं मन ठरत नाही. दोनदा पहिल्या पाचांत, पण पुढचं सगळं दुखापतींत.

आणि तुमच्या लाडक्या डेनिस जॉन्सनकडे तर तीन अंगठ्या होत्या. लॅरी बर्ड त्याला आपला सर्वांत चांगला सहकारी म्हणायचा. काय उपयोग झाला? तो २००७मध्ये गेला, मान मिळाला २०१०मध्ये. चेंबरलेनने एका सामन्यात शंभर गुण केले त्या रात्री त्याच्याच संघातल्या गाय रॉजर्सने २० असिस्ट दिले होते. तो वारला २००१ला, आत आला २०१४ला. आत यायला चोवीस जणांच्या समितीत अठरा मतं लागतात आणि ती चोवीस माणसं कोण, हे जाहीर होत नाही. प्राइस आता साठीच्या पुढे आहे. मला त्याचीच घाई आहे.

एक गोष्ट फोनवर बोलायची हिंमत झाली नसती. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तीन आठवडे आधी तुमचा गुडघा गेला. घरात तुमची एकही ट्रॉफी नाही. तरी मैदानावर जुनी मंडळी भेटली की अजून तुमच्या पासबद्दल बोलतात, मी स्वतः ऐकलंय. मग अंगठीचा हट्ट तुम्हीच का धरता?

जानेवारीतल्या ऑपरेशनची तारीख पक्की झाली की कळवा. फिजिओचे व्यायाम टाळू नका, मामींकडून मला सगळं कळतं. आणि हॉल ऑफ फेमसाठी तुमची तीन नावं कागदावर लिहून पाठवा. फोनवर नको, फोनवर तुम्ही आवाज चढवता.

मामींना नमस्कार.

तुमची,
छोटी