दोन शिक्षक, चार इयत्ता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक दिन जवळ आला की जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांवर बरेच छापून येते. ओढा ओलांडून शाळेत जाणारे गुरुजी, पदरमोड करून भिंती रंगवणाऱ्या बाई, शाल, श्रीफळ, हार. यात खोटे काही नसते. पण कौतुक होते ते कष्टांचे आणि त्यागाचे. ही माणसे वर्गात नेमके करतात काय, ते बातमीत येत नाही. उत्तम शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला आपण ‘किती लांबून येतो बिचारा’ म्हणून नावाजत नाही. प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला मात्र तेवढेच येते. म्हणून हे पत्र त्याच्या कसबाबद्दल.

उदाहरण साध्या द्विशिक्षकी शाळेचे घेऊ. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. वाडीवस्तीवर पट बहुधा पंचवीस-तीसच्या आत आणि इयत्ता चार. म्हणजे प्रत्येकाकडे जोडवर्ग: सहसा पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. बाहेरच्या माणसाला वाटते, अर्धा तास पहिलीला शिकवायचे, अर्धा तास दुसरीला. अडचण शिकवण्याची नसतेच. पहिलीला शिकवताना दुसरीने काय करायचे, ही खरी अडचण. ‘पान १२ उतरवून काढा’ सांगितले तर पाच मिनिटांत ‘बाई, झालं!’ म्हणत सगळ्या पाट्या टेबलाभोवती गोळा होतात आणि पहिलीचा पाठ तिथेच मोडतो.

जाणत्या बाई स्वतंत्र सरावाला कधीच नवीन काही देत नाहीत. काल-परवा शिकवून झालेलेच देतात, आणि ते मुलांना आपले आपण तपासता येईल अशा रूपात देतात. शब्दपट्टीच्या मागे चित्र, बेरजेच्या कार्डामागे उत्तर. चार-पाच मुलांचा गट, गटात एक जरा पुढचा. काम लवकर संपले तर पुढची कार्डांची पेटी कुठली, हे मुलांना आधीच ठाऊक. पहिलीचे मूल एका कामात दहा-पंधरा मिनिटांवर टिकत नाही, म्हणून पाठही तेवढ्याच तुकड्यांचे. हे सगळे बसवायला जूनचा उरलेला पंधरवडा आणि जुलै जातो. त्या काळात तपासणीला येणारा साहेब ‘अजून पुस्तक सुरू केलं नाही?’ असे विचारतो, हा भाग वेगळा.

आता वाचनाकडे येऊ, कारण पहिलीच्या शिक्षकाची सगळी परीक्षा तिथे असते. जुनी वाट म्हणजे अ ते ज्ञ, मग बाराखडी, तीही तालासुरात. मुले बाराखडी खणखणीत म्हणतात, पालक खूश होतात. फळ्यावर मध्येच ‘के’ लिहून बोट ठेवा. मूल ओठांतल्या ओठांत ‘क, का, कि, की, कु, कू’ करत येते आणि ‘के’पाशी थांबते. त्याला अक्षर ओळखता येत नाही, त्याला क्रम पाठ आहे. असे मूल दुसरीत गेले की एकेका शब्दाला अर्धे मिनिट घेते, आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते.

म्हणून वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून पाच-सहा अक्षरांचा गट घेतात: ग, म, न, र, घ, ळ असा काहीतरी. एवढ्यात घर, नळ, गरम, मगर, नगर होतात आणि पहिल्याच आठवड्यांत मुलाला काहीतरी ‘वाचता’ येते. त्यावर फक्त काना चढवायचा: नाग, गाळ, माळ, गार. मग पुढचा गट, मग पुढचे स्वरचिन्ह. इथली एक बारीक गोष्ट: घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, ट-ठ-ढ या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एका आठवड्यात आणायचे नाही. एक पक्के झाल्यावर दुसरे, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला लावायचा. घाईत दोन्ही एकत्र शिकवली तर ‘धर’ आणि ‘घर’ यांचा गोंधळ चौथीपर्यंत पुरतो.

शेवटचा अडथळा जोडाक्षरांचा, त्यातही रफाराचा. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर बसतो. डोळा डावीकडून उजवीकडे चाललेला, त्याला हा र उशिरा दिसतो. म्हणून मूल ‘सूय्र’ वाचते. नुसते ‘नीट बघ’ म्हणून हे सुटत नाही. सर्प, पर्वत, दर्शन असे शब्द हळू फोडून बोलायचे, र कुठे ऐकू आला ते आधी टाळीने दाखवायचे, मग लिहायचे. आणखी एक फसगत चित्रांची. चित्रात मांजर पाहून मूल ‘मांजर’ म्हणते आणि आपल्याला वाटते वाचले. वाचन तपासताना पुस्तकातले चित्र हाताने झाकायचे, एवढे साधे आहे ते.

आणि हे सारे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाबद्दल झाले. गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल पाण्याला ‘येर’ म्हणते. मेळघाटात कोरकू, नंदुरबारात पावरी आणि भिलोरी, तांड्यावर बंजारा. तिथे चांगले शिक्षक पहिले दोन महिने मुलांची भाषा ऐकतात, रोजच्या वापरातले पन्नासेक शब्द दोन्ही भाषांत भिंतीवर लावतात आणि सूचना आधी मुलांच्या भाषेत, लगेच मराठीत देतात. हे केले नाही तर मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला ‘मंद’ ठरवणे फार सोपे असते.

गणितातही चुका कुठून येतात हे ज्याला कळते तोच त्या दुरुस्त करू शकतो. ‘अठ्ठावीस’ म्हणताना जीभ आधी आठ म्हणते, म्हणून मूल ८२ लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये त्याला तीस ऐकू येते आणि वहीत ३९ उमटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ला ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा राज्यभर टिंगल झाली. बदल पटो न पटो. पण टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीच्या वर्गात वह्या तपासल्या होत्या, हा प्रश्न तेव्हाही विचारण्याजोगा होता.

४२ वजा १७. तिसरीच्या कितीतरी मुलांचे उत्तर ३५ येते. मूल चुकते आहे असे आपण म्हणतो. खरे तर ते नियमाने चालले आहे, फक्त नियम चुकीचा आहे: मोठ्या अंकातून लहान वजा. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. त्यावर ‘शेजारून हातचा घे’ हे वाक्य शंभरदा सांगून उपयोग नाही, कारण मग ते ४७ वजा १२ मध्येही हातचा घ्यायला लागते. इलाज काड्यांचा. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे. चार गठ्ठे आणि दोन सुट्या समोर ठेवायच्या आणि सतरा मागायच्या. सात सुट्या निघत नाहीत, हे मुलाला स्वतःला अडायला हवे. मग ते एका गठ्ठ्याचे रबर काढते: तीन गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. एक गठ्ठा दिला, दोन उरले. पंचवीस. हे काड्यांवर, मग दहाच्या आणि एकच्या खेळण्यातल्या नोटांवर, आणि त्यानंतरच वहीत. बहुतेक वर्गांत मधली पायरी गाळली जाते, कारण ‘पोर्शन’ मागे पडतो.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळा) मुलांनी साहित्य हाताळत एकमेकांकडून शिकण्याची पद्धत बसली आणि राज्यभरातले शिक्षक ती पाहायला गेले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर तर गावोगावी शाळांच्या फरशा रंगल्या. पण पुष्कळ ठिकाणी पाहुणे फक्त फरशी पाहून परतले. अंकजाळी रंगली, तिच्यावर बसून रोज कोण काय करणार हे बसवले गेले नाही. दोन पावसाळ्यांत रंग गेला, पद्धतही गेली. सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली, तेव्हाही लोकांच्या तोंडी राहिला तो त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेला क्यूआर कोड. साधन डोळ्यांत भरते. ते रोज वापरायला लागणारी शिस्त फोटोत दिसत नाही.

शिकवण्याखेरीजची कामे इथे उगाळत नाही, ती सगळ्यांना माहीत आहेत. फक्त एक हिशेब. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. तीस मुले हजर असतील तर ३ किलो तांदूळ, ६०० ग्रॅम डाळ, दीड किलो भाजी, १५० ग्रॅम तेल. हजेरी घेऊन माप काढून द्यायचे, वाढण्याआधी चव घेऊन नोंदवहीत लिहायचे, मग ऑनलाइन माहिती भरायची, मोबाइलला रेंज असेल तर. यात फार तर तास जातो, आणि मुले जेवतात, त्यामुळे त्याबद्दल शिक्षकांची तक्रार नसते. खरा घोटाळा वेगळाच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे देता येत नाहीत, पण त्यातून जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना सूट आहे, आणि मतदार यादीचे काम वर्षभर चालते. द्विशिक्षकी शाळेतला एक जण त्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे चारही इयत्ता येतात. वर सांगितलेली सरावाची घडी चार इयत्तांना पुरत नाही. त्या दिवशी मुले सांभाळली जातात, शिकत नाहीत.

बीड-अहिल्यानगरकडच्या शाळांत दसरा-दिवाळीआधीच आणखी एक काम निघते. ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी शिक्षकाला सप्टेंबरातच काढावी लागते. मुकादमाची गाडी दारात उभी राहिल्यावर कोणी ऐकत नाही. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर मूल त्यांच्याजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायचे. नसतील तर शिक्षण हमी पत्रक भरून द्यायचे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला लगेच बसता येते. पुष्कळदा ते पत्रक पेटीच्या तळाशी राहते, कारण पालावर धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी लागतेच. म्हणून काही शिक्षक पत्रक देऊन थांबत नाहीत. पालकांचा मोबाइल नंबर घेतात, तिकडच्या शाळेचे नाव शोधतात आणि तिथल्या शिक्षकाला स्वतः फोन करतात. याची नोंद कुठल्याही नमुन्यात होत नाही.

मग ही माणसे हे का करतात? पगारासाठी, हे उत्तर अर्धे खरे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात: २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये, आता १६,०००. अवघड क्षेत्रात तीन वर्षे झाली की बदली मागता येते. तरी अर्ज न भरणारे आहेत. त्यांना कारण विचारले तर ‘देशाचे भवितव्य’ वगैरे कोणी म्हणत नाही. ते म्हणतात, ‘ही बॅच चौथीला जाऊ दे.’ द्विशिक्षकी शाळेत मूल दोन-दोन वर्षे एकाच शिक्षकाच्या हाताखाली असते. जूनमध्ये पेन्सिल मुठीत धरणारी पोरगी पुढच्या उन्हाळ्यात दुकानाची पाटी वाचते, आणि ते कोणी केले याबद्दल शंका नसते. इतके स्वच्छ श्रेय मोठ्या शाळेत, तासिका बदलत फिरणाऱ्याला मिळत नाही.

तेव्हा सत्कार करणाऱ्या मंडळांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एक सुचवणे. शाळेत जा, भिंती पाहू नका. तिसरीच्या मुलाला पुस्तकाबाहेरचा पाच ओळींचा मजकूर द्या आणि पाठीमागच्या रांगेतल्याला द्या. पुढच्या रांगेतले वाचतातच. शिक्षक एका इयत्तेपाशी असताना दुसरी इयत्ता दहा मिनिटे काय करते ते दारातून बघा. आणि शाल-श्रीफळाऐवजी हे न्या: दोन मुलांत १०० या हिशेबाने तीस मुलांना १,५०० आइस्क्रीमच्या काड्या, गठ्ठ्यांसाठी रबर, कोऱ्या जाड कार्डांचे चार-पाच गठ्ठे, जाड मार्कर आणि काड्या ठेवायला झाकणाचे डबे. डबे पत्र्याचे नकोत, प्लास्टिकचे घ्या. पत्र्याचे पावसाळ्यात गंजतात आणि त्यांचा आवाज फार होतो.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख